कोचचा शब्द : वाचकांच्या बास्केटबॉल-प्रश्नांची उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये डावपेचांविषयी फार थोडे प्रश्न आहेत. बहुतेकांनी विचारलं आहे ते माणसं सांभाळण्याविषयी : वचक, शिस्त, राखीव खेळाडूंची नाराजी, हरण्याचे दिवस. कॉलेजच्या संघात हे प्रश्न जास्त टोकदार होतात. खेळाडू अठरा ते बावीस वर्षांचे असतात, तीन-चार वर्षांत निघून जातात, आणि अभ्यास-परीक्षा त्यांच्यामागे कायम असतात. सामन्यांचे नियम सांगताना आम्ही आंतरराष्ट्रीय महासंघाचे, म्हणजे फिबाचे नियम धरले आहेत. अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धांचे काही नियम वेगळे आहेत.

प्रश्न : मी पहिल्यांदाच कॉलेजच्या मुलांच्या संघाचा कोच झालो आहे. माझा आवाज मुळातच हळू आहे. आधीचे सर मैदान दणाणून सोडायचे, असं मुलं सांगतात. आवाज चढवल्याशिवाय वचक बसेल का?

बसेल. खेळाडू आवाज आठवडाभर ऐकतात आणि मग तो त्यांच्या कानाला सवयीचा होतो. त्यांना उपयोग होतो तो नेमक्या शब्दाचा.

याचा एक चांगला पुरावा आहे. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे कोच जॉन वुडन यांच्या संघांनी 1964 ते 1975 या 12 हंगामांत 10 राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्यांच्या अखेरच्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांचे सराव कडेला बसून पाहिले आणि वुडन शिकवताना काय करतात, काय बोलतात, याची एकेक नोंद केली. एकूण 2326 नोंदी झाल्या. त्यांत शाबासकी 6.9 टक्के होती आणि नापसंती 6.6 टक्के. जवळजवळ तीन चतुर्थांश नोंदी निव्वळ माहितीच्या होत्या : काय करायचं, कसं करायचं, कधी करायचं. लांब भाषण जवळजवळ नव्हतंच. चूक दुरुस्त करताना ते आधी बरोबर कृती करून दाखवत, मग खेळाडूने केली तशी चुकीची, आणि लगेच पुन्हा बरोबर. हे सगळं बहुतेक वेळा पाच सेकंदांच्या आत उरकायचं.

तुम्हीही असंच करून पाहा. वाक्य सहा-सात शब्दांपुढे जाऊ देऊ नका. ‘पास छातीच्या उंचीवर’, ‘स्क्रीन (वाट अडवणारा समोरचा खेळाडू) येतोय, आधी ओरडून सांग’, ‘उडी मारण्याआधी पाठ लावून अडव’. खेळ थांबवलात तर पंधरा-वीस सेकंदांत पुन्हा सुरू करा. एकाला समजावताना बाकीचे नऊ जण उभे राहून थंड होतात आणि त्यांचं लक्षही उडतं. एकट्याची चूक असेल तर त्याला बाजूला घ्या, त्याच्या जागी दुसरा उतरवा, खेळ चालू ठेवा.

‘जोर लावा’, ‘लक्ष द्या’, ‘काय चाललंय हे’ या वाक्यांतून खेळाडूला काहीच कळत नाही. आपण अशी वाक्यं किती बोलतो याचा कोचला स्वतःला अंदाज नसतो, म्हणून एकदा मोजून घ्यावं. सहायकाला वीस मिनिटं कागद घेऊन बसवा. माहिती, शाबासकी, राग आणि नुसता आवाज असे चार रकाने करून प्रत्येक वाक्याला एक रेघ मारायला सांगा. शेजारी सगळ्या खेळाडूंची नावं लिहून कोणाचं नाव किती वेळा उच्चारलं गेलं तेही मोजा. बहुतेक ठिकाणी सगळ्यांत चांगल्या दोघांची आणि सगळ्यांत जास्त चुकणाऱ्या दोघांची नावं सारखी येतात. मधल्या पाच-सहा जणांना अख्ख्या सरावात कोणी हाकही मारलेली नसते. संघ तुटायला लागतो तो तिथून.

हळू आवाजाची खरी अडचण गोंगाटाची आहे आणि ती सोडवता येते. बोलायचं असेल तेव्हा खेळाडूंना तीन मीटरच्या आत बोलवा आणि त्यांची पाठ बाकीच्या मैदानाकडे करा, म्हणजे नजर तुमच्यावर राहते. डावांना आकडे आणि हाताच्या खुणा ठेवा. शिट्टी फक्त थांबण्यासाठी वापरा. प्रत्येक गोष्टीला शिट्टी वाजवली की शिट्टीलाही कोणी विचारत नाही.

प्रश्न : आमचा सराव दोन तासांचा असतो, पण वेळ कुठे जातो ते कळत नाही. शेवटी नुसता पाच-पाचचा खेळ होतो. हा नियोजनाचा प्रश्न आहे की नेतृत्वाचा?

दोन्हीचा. कोच आपल्या वेळेची किंमत किती ठेवतो ते खेळाडू सरावाच्या पहिल्या दहा मिनिटांत ओळखतात. वुडन दोन तासांच्या सरावाची आखणी सहायकांबरोबर बसून मिनिटामिनिटाने करत, ती छोट्या कार्डांवर उतरवत आणि जुनी कार्डं जपून ठेवत. त्यामुळे मागच्या वर्षी याच आठवड्यात काय केलं होतं ते त्यांना पाहता येई.

हंगामाच्या मध्यावर 120 मिनिटांची एक आखणी अशी करता येते. सुरुवातीची 5 मिनिटं बोलण्यासाठी : आज काय आणि कशासाठी. मग 12 मिनिटं शरीर तापवणं, त्यातच उडी मारून नीट उतरणं आणि एका पायावर तोल सांभाळणं. 8 मिनिटं पास आणि लेअप (धावत रिंगजवळ जाऊन मारलेला शॉट), दोन्ही हातांनी. 15 मिनिटं मोजून शूटिंग. 20 मिनिटं चार-विरुद्ध-चार बचाव, यात चेंडू फिरला की चौघांनीही जागा बदलायची. 3 मिनिटं पाणी. 17 मिनिटं जलद चढाई, तिघांविरुद्ध दोघं आणि उलटून दोघांविरुद्ध एक. 20 मिनिटं पाच-पाच. 10 मिनिटं सामन्यातले शेवटचे प्रसंग. 5 मिनिटं दमलेल्या अवस्थेत फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट). शेवटची 5 मिनिटं शरीर सैल करण्यासाठी आणि दोन वाक्यांसाठी.

फ्री थ्रो सलग पंचवीस मारून घेण्यात फारसा अर्थ नाही. सामन्यात एका वेळी दोन मिळतात, फार तर तीन. म्हणून दोन मारायचे, बाजूला व्हायचं, धावून यायचं, पुन्हा दोन. आणि आकडा लिहायचा. न लिहिलेला आकडा खेळाडूच्या आठवणीत नेहमी वाढलेला असतो.

वेळ सर्वांत जास्त वाया जातो रांगांमध्ये. बारा जण, एक रिंग, एक चेंडू अशी रांग लावली तर प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटाला एखादा शॉट येतो. दोन्ही रिंग वापरा, तिघांचे चार गट करा, प्रत्येक गटाला दोन चेंडू द्या. एक मारणारा, एक रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) घेणारा, एक पास देणारा. काम कित्येक पटींनी होतं आणि उभं राहून गप्पा मारायला कोणी शिल्लक राहत नाही. दुसरी चूक म्हणजे जमत नाही म्हणून एकच सराव-प्रकार लांबवत नेणं. वेळ संपली की थांबा, उद्या पुन्हा घ्या. आठच्या ठोक्याला सराव संपेल असं सांगितलं असेल तर तो आठलाच संपला पाहिजे. पाळलेल्या वेळेमुळे तुमच्या बाकीच्या शब्दांनाही वजन येतं.

प्रश्न : बारा जणांच्या संघात खेळायला मिळतं सात-आठ जणांना. बाकीचे नाराज, त्यांचे मित्र नाराज, सरावात तोंडं पडलेली. त्यांना कसं सांभाळायचं?

सगळ्या पत्रांमधला हा सर्वांत कठीण प्रश्न आहे आणि कोचची खरी परीक्षा याच जागी होते. आधी हिशेब समोर ठेवा. सामना 40 मिनिटांचा, मैदानावर पाच जण, म्हणजे वाटायला एकूण 200 मिनिटं. पहिल्या पाच जणांना सरासरी 28 मिनिटं दिली तर 140 गेली. पुढच्या तिघांना प्रत्येकी 14, म्हणजे 42. उरलेल्या 18 मध्ये आणखी दोघांना 9-9. दहा जण झाले आणि पेटी रिकामी. अकराव्या आणि बाराव्याला द्यायला काहीच नाही. हा हिशेब हंगामाच्या सुरुवातीला फळ्यावर सर्वांसमोर मांडा. मिनिटं कमी आहेत हे कोणाच्या द्वेषामुळे नाही, ती मुळातच 200 आहेत, एवढं कळलं तरी निम्मी कुजबुज थांबते.

त्यानंतर प्रत्येकाशी स्वतंत्र, दहा मिनिटं, बसून बोला. जाता-येता जिन्यात नाही, फोनवरच्या संदेशातून तर नाहीच, आणि सहायकाच्या किंवा कर्णधाराच्या तोंडून कधीही नाही. तीन गोष्टी सांगायच्या. आज तुझं संघातलं काम काय. साधारण किती मिनिटं मिळतील. ती वाढायला कोणत्या दोन गोष्टी लागतील. या दोन गोष्टी मोजता येण्याजोग्या हव्यात : ‘डाव्या हाताने लेअप दहापैकी आठ’, ‘सरावातल्या खेळात दहापैकी नऊ वेळा बॉक्स आउट’ (रिबाउंडसाठी समोरच्याला पाठ लावून अडवणं). पुढच्या भेटीची तारीख तिथेच ठरवा, तीन आठवड्यांनंतरची, आणि त्या दिवशी विसरू नका.

इथे बहुतेक कोच घसरतात ते चांगुलपणामुळे. समोरच्याचा चेहरा पडलेला बघवत नाही, म्हणून ‘मेहनत कर, संधी नक्की मिळेल’ असं बोलून जातात. तो खेळाडू मेहनत करतो, संधी मिळत नाही, आणि पुढे कोचचं कोणतंच बोलणं त्याला खरं वाटत नाही. ‘या हंगामात तुला फार खेळायला मिळणार नाही, पुढच्या हंगामात दोघं जण बाहेर पडतील तेव्हा तुझी जागा आहे’ हे कडू आहे, पण खरं आहे. काही खेळाडू हे ऐकून संघ सोडतील. तो निर्णय घेण्याचा त्यांना हक्क आहे, आणि खरं कळल्याशिवाय तो घेता येत नाही.

राखीव खेळाडूंना बाकावर काम द्या, आणि ते खरोखरचं असू द्या. एकाने शॉट क्लॉकचे (एका चढाईत शॉट मारायला मिळणारी मुदत दाखवणाऱ्या घड्याळाचे) शेवटचे सात सेकंद ओरडून मोजायचे. एकाने समोरच्या संघाचे सांघिक फाउल (क्वार्टरमध्ये सगळ्या संघाचे मिळून झालेले) लक्षात ठेवायचे. एकाने आपण किती पासांना हात लावून दिशा बदलली ते कागदावर मांडायचं, आणि टाइमआउटमध्ये तुम्ही तो कागद खरंच बघायचा. बघितला नाहीत तर दुसऱ्या सामन्यात तो कोरा असेल.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे डीन स्मिथ यांनी 1961 ते 1997 या काळात 879 सामने जिंकले. त्यांची एक पद्धत इथे फार उपयोगी पडते. दमलेल्या खेळाडूने मूठ वर करायची, म्हणजे त्याला बाहेर घेतलं जाई. दम खाऊन झाला की परत आत जाण्याची वेळ तो स्वतः सांगे. पण दमून खुणावलं नाही आणि कोचनेच ओळखून बाहेर काढलं, तर परत कधी जायचं ते कोच ठरवत. बाहेर गेलो की जागा गेली, ही भीती त्यामुळे उरत नाही. खेळाडू दमल्याचं लपवत नाही, बचाव ढिला पडत नाही, आणि बाकावरच्याला तीन-चार मिनिटं आपोआप मिळतात. बास्केट केल्यावर पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं, ही सवयही स्मिथ यांनी आपल्या संघात रुजवली होती. याला एक पैसा लागत नाही, आणि पास देणाऱ्याचं काम सगळ्यांच्या नजरेत येतं.

प्रश्न : टाइमआउटमध्ये मी इतकं सांगतो, पण परत गेल्यावर मुली तेच करतात. शेवटच्या दोन मिनिटांत तर सगळाच गोंधळ होतो.

टाइमआउट 60 सेकंदांचा आहे. मुली बाकापर्यंत येईतो आणि पाणी घेईतो दहा-पंधरा सेकंद जातात, परत जायला दहा. म्हणजे तुमच्या हातात 35 सेकंद. तेवढ्यात दोनच गोष्टी सांगता येतात : एक बचावाची, एक चढाईची. पहिले दहा सेकंद तुम्ही मुलींपासून दूर, सहायकाशी बोला आणि त्या दोन गोष्टी नक्की करा. तोवर त्या बसतील, श्वास घेतील. मग गुडघ्यावर बसून, त्यांच्या नजरेच्या उंचीवरून बोला. शेवटी एकीला विचारा, ‘काय करायचंय?’ तिला सांगता आलं तर संघाला कळलं. नुसतं ‘कळलं ना?’ विचारलंत तर सगळ्या मान डोलावतात आणि तुम्हाला काहीच समजत नाही.

झालेल्या चुकीचा पंचनामा टाइमआउटमध्ये करू नका. ती संपली. आणि पाटीवर नवा डाव कधीही काढू नका. सरावात निदान वीस वेळा न खेळलेला डाव सामन्यात, नाडी 170 वर असताना, कोणालाही आठवत नाही.

शेवटच्या दोन मिनिटांचा गोंधळ मात्र टाइमआउटने सुटत नाही, तो सरावातच सोडवावा लागतो. आठवड्यातून दोनदा दहा-दहा मिनिटं प्रसंग खेळा. घड्याळ आणि गुण खरे लावा : ‘40 सेकंद, आपण 3 गुणांनी मागे, एक टाइमआउट शिल्लक, आपले सांघिक फाउल दोनच.’ या प्रसंगात किती मुलींना हे ठाऊक असतं ते पाहा : दोनच फाउल असतील तर समोरच्यांना फ्री थ्रो रेषेवर न्यायला आणखी तीन फाउल खर्च होतात, कारण क्वार्टरमधल्या पाचव्या सांघिक फाउलपासून फ्री थ्रो मिळतात. प्रत्येक फाउलला तीन-चार सेकंद जातात. म्हणजे सुरुवात आत्ता करायला हवी, 15 सेकंद उरल्यावर नाही. आणि फाउल चेंडूवर हात टाकूनच व्हायला हवा. पाठीमागून धरून ओढलं तर पंच अखिलाडू फाउल देतात, मग दोन फ्री थ्रो आणि वर चेंडूही त्यांचाच.

तुमचं स्वतःचं गणितही पक्कं हवं. पहिल्या अर्ध्यात दोन टाइमआउट, दुसऱ्या अर्ध्यात तीन, त्यातले शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोन. न वापरलेले पुढे चालत नाहीत. टाइमआउट कोच किंवा पहिला सहायकच गुणलेखकाच्या टेबलाकडे मागू शकतो, खेळाडूने मैदानातून हात करून उपयोग नाही. शेवटच्या दोन मिनिटांत तुमचा चेंडू तुमच्या अर्ध्यात असताना टाइमआउट घेतला, तर चेंडू समोरच्या अर्ध्यातून आत टाकायचा पर्याय मिळतो, पण मग शॉट क्लॉकवर जास्तीत जास्त 14 सेकंदच मिळतात. बास्केट हवी असेल तर पुढून, वेळ खायचा असेल तर मागून. हे पंचांनी विचारल्यावर ठरवायला बसायचं नसतं.

प्रश्न : संघातला सर्वांत चांगला खेळाडू सतत उशिरा येतो. परवा महत्त्वाचा सामना आहे. बसवायचं का?

उशिराची शिक्षा आधी जाहीर केली होती का? केली असेल तर बसवा. केली नसेल तर परवाच्या सामन्यात अचानक बसवू नका. तो न्याय नसून राग होईल आणि संघालाही तो फरक कळतो. अशा वेळी आजच सर्वांना बोलावून नियम सांगा आणि आजपासून लावा.

नियम तीन-चारच ठेवा. वीस नियम पाळून घेता येत नाहीत, आणि न पाळलेला एक नियम बाकीच्यांनाही खाऊन टाकतो. ‘वेळेवर’ म्हणजे काय तेही स्पष्ट हवं : चारला सराव म्हणजे चारला बूट बांधून मैदानात. परिणाम लहान आणि ठाम असावा. एकदा उशीर, तर पुढच्या सामन्यात पहिल्या पाचांत नाही आणि पहिली पाच मिनिटं बाकावर. दुसऱ्यांदा पहिला क्वार्टर. पहिल्या पाचांतल्याला आणि बाराव्याला मोजमाप एकच. बाराव्याला तसंही बाकावरच बसायचं असतं, म्हणून त्याच्यासाठी त्या आठवड्यातल्या सरावाच्या खेळातली मिनिटं कापा.

उशिराबद्दल सगळ्या संघाला पळवणं आम्हाला चुकीचं वाटतं. धावणं ही शिक्षा ठरली की पुढे तयारीसाठी धावतानाही पाय ओढले जातात, आणि वेळेवर आलेल्यांना आपण उगाच आलो असं वाटतं.

हे सगळं करण्याआधी त्याला एकट्याला एक प्रश्न विचारा : उशीर का होतो? प्रयोगशाळेचा तास उशिरा सुटत असेल, तो कुठे अर्धवेळ काम करत असेल, तर हा शिस्तीचा मामला नाही, वेळापत्रकाचा आहे. सत्राच्या सुरुवातीलाच सगळ्यांची वेळापत्रकं आणि परीक्षांच्या तारखा मागून घ्या आणि सराव त्याभोवती बसवा. टेनेसी विद्यापीठाच्या पॅट समिट यांनी 1974 ते 2012 या काळात 1098 सामने आणि 8 राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. त्यांचा नियम होता की खेळाडूंनी वर्गाच्या पहिल्या तीन रांगांत बसायचं आणि विनाकारण तास बुडवायचा नाही. त्यांच्याकडे खेळण्याची मुदत पूर्ण केलेल्या प्रत्येक मुलीने पदवीही पूर्ण केली. एवढी कडक कोच मुलींनी का स्वीकारली, याचं उत्तर त्या पदव्यांमध्ये आहे.

प्रश्न : कर्णधार कोच नेमावा की खेळाडूंनी निवडावा?

खेळाडूंकडून चिठ्ठीवर दोन नावं मागवा, निर्णय तुमचा ठेवा. प्रश्न मात्र ‘कर्णधार कोण हवा?’ असा विचारू नका, मैत्रीची मतं पडतात. ‘आपण दहा गुणांनी मागे असताना कोणाचं बोलणं ऐकावंसं वाटतं?’ असं विचारा. सर्वांत चांगला नेमबाज बहुधा या यादीत वर नसतो. नेमल्यावर आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं त्याच्याशी बोला, पण कोण काय बोलतं याची चौकशी त्याच्याकडे करू नका. एकदा का तो कोचचा हेर ठरला, की त्याचं कर्णधारपद संपलं.

प्रश्न : डोक्याला मार लागलेली खेळाडू ‘मी ठीक आहे’ म्हणते. उपांत्य सामना आहे. काय करावं?

बाहेर घ्यावं, आणि त्या दिवशी पुन्हा उतरवू नये. यात चर्चेला जागा नाही. मेंदूला धक्का बसलेल्या माणसाला स्वतःची अवस्था नीट सांगता येत नाही. म्हणून तिचं ‘ठीक आहे’ धरून चालता येत नाही. परत येणं डॉक्टरांच्या परवानगीने आणि टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याला निदान 24 तास देऊन : हलकं चालणं, मग धावणं, मग एकटीने चेंडू, मग धक्का नसलेला सराव, मग पूर्ण सराव, शेवटी सामना. लक्षणं वाढली तर एक टप्पा मागे.

गुडघा आणि घोट्याबाबतही ‘खेळू शकते का’ हे कोचने ठरवायचं नसतं. कोचचं काम आधीचं आहे. मुलींमध्ये गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध (लिगामेंट) तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं, आणि उडीवरून उतरताना गुडघे आत झुकणं हे त्यातलं एक ठळक कारण. आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटं उतरणं, तोल आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम घेतले तर धोका कमी होतो. वेळ नाही म्हणून हेच पहिलं गाळलं जातं. कृपा करून गाळू नका.

प्रश्न : सलग सहा सामने हरलो. मुलांमध्ये जिद्द नाही असं सगळे म्हणतात. मला काढण्याचीही भाषा सुरू झाली आहे.

जिद्द मोजता येत नाही, म्हणून तिला दोष देणं सोपं असतं. आधी चार गोष्टी मोजा. शूटिंग, टर्नओव्हर (शॉट न मारताच गमावलेला चेंडू), चढाईतले रिबाउंड आणि फ्री थ्रो. डीन ऑलिव्हर या विश्लेषकाने बास्केटबॉलचा निकाल या चार घटकांत मांडला, आणि त्यांचं वजनही साधारण याच क्रमाने उतरतं.

समजा एका सामन्यात तुमच्या संघाने 60 शॉट मारले, 22 गेले, त्यातले 6 तीन गुणांचे. तीन गुणांच्या शॉटला दीडपट धरायचं, म्हणजे 22 मध्ये 6 चे निम्मे 3 मिळवायचे, 25. भागिले 60. हे झाले 41.7 टक्के. आता टर्नओव्हर 20 आणि मिळालेले फ्री थ्रो 18 धरा. प्रत्येक फ्री थ्रोने चढाई संपत नाही, म्हणून फ्री थ्रोंना 0.44 ने गुणून 7.9, त्यात शॉट 60 आणि टर्नओव्हर 20 मिळवले की 87.9. वीस भागिले 87.9, जवळजवळ 23 टक्के. म्हणजे जवळपास दर चौथ्या चढाईत शॉट मारण्याआधीच चेंडू गेला! इथे जिद्दीचा प्रश्न नाही. चेंडू कुठे जातो ते शोधा : मध्यरेषेजवळ दोघांनी घेरल्यावर, उडी मारून हवेत पास देताना, की रिंगखाली तिसरा ड्रिबल मारताना? एक जागा सापडली की पुढच्या दोन आठवड्यांत रोजची पंधरा मिनिटं तिच्यासाठी. सहाही सामन्यांचे आकडे एका कागदावर मांडा आणि तोच कागद मुलांना आणि व्यवस्थापनाला दाखवा.

हरल्यानंतर त्याच संध्याकाळी तीन मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका. तेव्हा बोललेलं बहुधा दुसऱ्या दिवशी परत घ्यावंसं वाटतं. दुसऱ्या दिवशी आठ-दहा चित्रफिती दाखवा, प्रत्येकी दहा-पंधरा सेकंदांच्या, निम्म्या चांगल्या खेळाच्या. पहिली चूक तुमची स्वतःची दाखवा : उशिरा घेतलेला टाइमआउट, थकलेल्याला आत ठेवणं. कोचने आपली चूक नाव घेऊन सांगितली की बाकीचे आपली लपवत नाहीत.

काढण्याच्या भाषेबद्दल एवढंच. ड्यूक विद्यापीठात माइक शशेव्हस्की यांचे पहिले तीन हंगाम 17-13, 10-17 आणि 11-17 (आधी विजय, मग पराभव) असे गेले, आणि त्यांना काढा अशी मागणी झाली. विद्यापीठाने त्यांना ठेवलं. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद 1991 साली आलं, 2022 साली निवृत्त होईपर्यंत अशी पाच झाली. वुडन यूसीएलएत 1948 साली आले, त्यांचं पहिलं विजेतेपद 1964 चं. दोघांनाही थांबलेली संस्था मिळाली. ती तुम्हाला मिळेलच असं सांगता येणार नाही, पण आकडे दाखवून, काय सुधारणार आणि कधीपर्यंत ते सांगून वेळ मागणारा कोच मुलांना दोष देणाऱ्यापेक्षा जास्त दिवस टिकतो.

प्रश्न : मी सहायक कोच आहे. मुख्य सरांचा निर्णय पटला नाही तर सामना चालू असताना बोलावं का?

बोलावं, पण कसं ते हंगामाआधी ठरवून घ्यावं. आक्षेप घेताना पर्यायही एकाच वाक्यात सांगा : ‘त्यांचा पाच नंबर दमलाय, चेंडू आत द्या.’ एकदाच सांगा. त्यांनी नाही म्हटलं तर पुढच्या चढाईपासून त्यांचा निर्णय तुमचाही, आणि बाकावर चेहऱ्यावरही दुसरं काही दिसू नये. सामन्यात तुमची तीन सूचना-वाक्यं झाली असतील तर ती लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चित्रफीत पाहताना दोघांनी मिळून तपासा. सरांना आधी विचारून घ्या की त्यांना कोणती माहिती तुमच्याकडून नेहमी हवी आहे. बहुतेकांना फाउलची संख्या, उरलेले टाइमआउट आणि कोण किती मिनिटं सलग खेळतंय एवढं हवं असतं. ते तुम्ही न विचारता, वेळेवर देत राहिलात की चौथी गोष्टही ऐकून घेतली जाते.